संगणकाचा ताप : निदान आणि उपाय

घरांतील संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडला म्हणजे बहुतेक कुटुंबांत दोनच उद्गार ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात, "यंत्र जुनें झालें," आणि मुलें म्हणतात, "आतां नवें घेऊं या." या दोन उद्गारांच्या मध्यें एक पायरी असावयास पाहिजे, ती म्हणजे यंत्रास झालें आहे तरी काय, याची विचारपूस. ही पायरी बहुधा कोणीच चढत नाहीं. मनुष्यास ताप आला तर आपण थर्मामीटर लावतों, जीभ पाहतों, काल काय खाल्लें तें विचारतों, आणि मग वैद्याकडे जातों. संगणकाचा ताप हाहि असाच निदानास वश होणारा विकार आहे, आणि त्याची बरीचशी तपासणी कोणाहि समंजस मनुष्यास घरच्या घरीं करतां येते. ती कशी करावी, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें तो तसा नाहीं. अशा घरांत मेजावरचा संगणक एकच असून तो अनेकांच्या उपयोगाचा असतो. सकाळीं कोणी बँकेचे हिशेब पाहतो, दुपारीं सूनबाई कचेरीचें काम घरूनच उरकतात, संध्याकाळीं मुलांचा अभ्यास चालतो. आणि मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, घराच्या दस्तऐवजांच्या नकला, आजारपणाचे कागद, हें सर्व त्याच्याच पोटांत सांठविलेलें असतें. असें यंत्र विनाकारण निकालांत काढलें तर पैसा जातो. आणि तापाकडे दुर्लक्ष केल्यानें तें वरचेवर बंद पडत राहिलें तर हातचें काम जातें.

प्रथम ताप येतो कशानें तें पाहूं. संगणकांतील सर्व आकडेमोड जेथें होते त्या भागास प्रोसेसर म्हणतात. ही सिलिकनची एक लहानशी चकती असून तींत विजेचे असंख्य सूक्ष्म खटके असतात. इंटेल कंपनीनें १९७१ सालीं काढलेल्या ४००४ या प्रोसेसरांत अशा खटक्यांची संख्या सुमारें २,३०० होती. आजच्या प्रोसेसरांत ती अब्जांनीं मोजावी लागते. प्रत्येक खटका उघडतांना व मिटतांना किंचित् वीज खर्च होते, आणि ती अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. सारांश, प्रोसेसरास दिलेली जवळजवळ सर्व वीज उष्णताच होते. तेव्हां "प्रोसेसर तापतो" ही मुळीं तक्रारच नव्हे, तो तापणारच. निर्माण झालेली उष्णता वेळच्या वेळीं बाहेर जात नाहीं, ही खरी तक्रार होय. इतकी एक गोष्ट ध्यानांत राहिली तर पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

ही उष्णता किती दाट असते याची कल्पना घरांतील इस्त्रीवरून करावी. १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटरांचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट आंच पडते. उलट, २०२३ सालीं निघालेला इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण वेगांत २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, आणि त्याची चकती सुमारें अडीच चौरस सेंटिमीटरांची असते. म्हणजे इस्त्रीच्या वीसपट आंच! घरगुती कामाचे प्रोसेसर याहून पुष्कळ सौम्य असतात; ६५ वॅटचे प्रोसेसर सर्वत्र आढळतात. तरीहि इस्त्रीच्या कैक पट दाट आंच तेथें असतेच. १९८९ सालीं निघालेल्या ८०४८६ जातीच्या आरंभींच्या प्रोसेसरांस पंख्यावांचूनहि चालतां येई. १९९३ सालच्या पेंटियमपासून पंखा हा त्यांचा नित्याचा सोबती होऊन बसला.

चकतींतील उष्णता खोलींतील हवेंत जावयाची तर तिला एक सांखळी ओलांडावी लागते. चकतीवर धातूचें झांकण असतें. झांकणावर थर्मल पेस्ट नांवाचा लेप असतो. लेपावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पुष्कळ पाकळ्या असलेला ठोकळा असतो. यास हीटसिंक म्हणतात. ठोकळ्यावर पंखा असतो. आणि या सर्वांभोंवतीं संगणकाची पेटी, म्हणजे कॅबिनेट, व तींतून खेळणारी हवा असते. झांकण, लेप, ठोकळा, पंखा आणि पेटींतील हवा अशा या पांच कड्या होत. यांपैकीं एक तुटली कीं बाकीच्या चार शाबूत असूनहि उपयोगाच्या राहत नाहींत. निदान करणें म्हणजे कोणती कडी तुटली आहे तें शोधून काढणें.

हा शोध करण्याची रीत आपल्या न्यायशास्त्रांत पूर्वींच सांगितलेली आहे. अन्वय आणि व्यतिरेक हे दोन शब्द पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेले असतील. एक गोष्ट असली कीं दुसरी असते, हा अन्वय. एक नसली कीं दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कार्यकारणसंबंधाचा निश्चय होतो. संगणकाच्या बाबतींत याचा अर्थ इतकाच कीं, एका वेळीं एकच बदल करावा आणि ताप मोजावा. धूळ झाडली, लेप बदलला, जागा बदलली आणि नवा पंखाहि बसविला, असें सर्व एकदम केल्यास यंत्र कदाचित् सुधारेल. परंतु कशानें सुधारलें हें कळणार नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां अंधारच राहील.

आतां लक्षणें. पंख्याचा आवाज वाढणें, काम मंदावणें आणि संगणक एकाएकीं बंद पडणें, हीं तीन मुख्य लक्षणें होत. मंदावण्याचें कारण असें कीं, ताप मर्यादेजवळ गेला म्हणजे प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर तो मदरबोर्डास इशारा देऊन वीज तोडवितो. पूर्वीं अशी सोय सर्वच प्रोसेसरांत नव्हती. २००१ सालीं टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनानें चालू यंत्रांवरील हीटसिंक काढून पाहण्याचा प्रयोग केला. त्यांत इंटेलचा पेंटियम ४ वेग कमी करून चालत राहिला, तर ए.एम्.डी. कंपनीचा ॲथलॉन पाहतां पाहतां जळाला. आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांत ही रक्षणव्यवस्था अंगचीच असते. म्हणून तापानें बंद पडणें हा यंत्राचा मृत्यु नसून बहुधा मूर्च्छा असते, हें घाबरलेल्या मंडळींनीं लक्षांत ठेवावें.

ताप मोजण्यास निराळें उपकरण लागत नाहीं. प्रोसेसराच्या पोटांतच तापमापक असतो. संगणक सुरू होत असतां डिलीट किंवा एफ्-२ ही कळ दाबली असतां बहुतेक यंत्रांत बायॉसचा पडदा उघडतो. तेथें प्रोसेसराचा ताप आणि पंख्याचे दर मिनिटाचे फेरे दिसतात. विंडोज चालू असतां एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारख्या प्रोग्रॅमांनीं तोच आंकडा पाहतां येतो. काम नसतां ३५ ते ५० अंश सेल्सिअस आणि जड कामांत ६५ ते ८५ अंश, हें बहुतेक घरगुती यंत्रांचें आरोग्य समजावें. ९० च्या पुढें आंकडा वरचेवर जाऊं लागला म्हणजे तपास करावा. इंटेलच्या बहुतेक अलीकडील प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ए.एम्.डी.च्या रायझन ७००० मालिकेंतील (२०२२) कांहीं प्रोसेसर मात्र जड कामांत ९५ अंशांपर्यंत जावे अशाच बेतानें रचलेले आहेत. त्यांस तेवढ्यावरून आजारी ठरवूं नये. आपल्या प्रोसेसराची मर्यादा कंपनीच्या पत्रकांत पाहून घेणें बरें.

तापाबरोबर ऋतुमानहि पाहावें. प्रोसेसरास निवविणारी हवा खोलींतलीच असते. ती १० अंशांनीं उष्ण झाली तर प्रोसेसराचा आंकडाहि सुमारें तितकाच वर चढतो. पौषांत खोली २२ अंश असतां जें यंत्र ५० दाखवितें, तें वैशाखांत नागपूर-अकोल्याकडील ३८ अंशांच्या खोलींत ६६ दाखवील, आणि त्यांत यंत्राचा कांहींच दोष नाहीं. याकरितां एका वहींत खोलीचा ताप व प्रोसेसराचा ताप असे दोन्ही आंकडे तारखेसह लिहीत जावे आणि त्यांतील अंतर पाहावें. अंतर स्थिर असेल तर ऋतूचा प्रभाव. अंतर वाढत असेल तर विकार.

तपासणी नेहमीं बाहेरून आंत करीत जावी. कारण बाहेरचे उपाय फुकट व निर्धोक असतात, आणि आंतले खर्चाचे व जोखमीचे. सर्वांत बाहेरची गोष्ट म्हणजे जागा. मेजाच्या खालच्या कप्प्यांत पेटी कोंबून दार लावून घेण्याची आणि तिची पाठ भिंतीस टेकविण्याची रीत पुष्कळ घरांत दिसते. पेटीची रचना बहुधा अशी असते कीं, थंड हवा पुढून यावी आणि तापलेली मागून किंवा वरून जावी. पाठ भिंतीस टेकली म्हणजे तीच तापलेली हवा फिरून आंत येते. परीक्षा सोपी आहे. पेटी कप्प्यांतून बाहेर काढावी, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, आणि तेंच काम पुन्हां करून आंकडा पाहावा. मग संगणक बंद करून पेटीचें बाजूचें झांकण काढावें, आणि आंत हात न घालतां पुन्हां तेंच काम करून पाहावें. झांकण काढतांच ताप दहा-पंधरा अंशांनीं उतरला आणि लावतांच चढला, तर अन्वय-व्यतिरेक जुळले. दोष पेटींतील हवेचा आहे, प्रोसेसर व लेप निर्दोष आहेत. झांकण कायमचें काढून ठेवणें हा मात्र उपाय नव्हे. लहान मुलें व धूळ या दोहोंसहि तें आमंत्रणच होय. पेटीची जागा बदलावी, किंवा मागचा पंखा चालतो कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी गोष्ट कामाची. कोणी कांहीं करीत नसतां पंखा घोंघावत असेल तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कितपत गुंतला आहे तें पाहावें. एखादा प्रोग्रॅम अडकून पडलेला असतो. क्वचित् मुलांनीं कोठून तरी उतरवून घेतलेल्या खेळाबरोबर आलेला उपद्रवी प्रोग्रॅम आपल्या विजेवर दुसऱ्याचें काम करीत असतो. तो बंद होतांच ताप उतरला, तर पेटी उघडण्याचें कारणच उरत नाहीं.

तिसरी गोष्ट पंखा आणि धूळ. आपल्याकडे केरसुणीनें उडणारी धूळ, गाद्या-उशांचा कापूस आणि उदबत्तीचा धूर या तिहींचें मिळून हीटसिंकच्या पाकळ्यांवर जाड बुरणूस बसतें. तें काढण्यापूर्वीं संगणक बंद करावा, वीजेची तार भिंतींतून काढावी, आणि पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी. मग मऊ कुंचल्यानें व दाबाच्या हवेनें धूळ झाडावी. हवा मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. तें मोकाट भिरभिरूं दिल्यास त्याचें बेअरिंग बिघडतें. घरसफाईचा व्हॅक्यूम क्लीनर आंतील भागांजवळ आणूं नये. त्यानें स्थिर वीज उत्पन्न होते. ओलें फडकें तर मुळींच नको. पंखाच फिरत नसेल तर त्याची तार मदरबोर्डावर सीपीयू फॅन असें लिहिलेल्या जागीं नीट बसली आहे काय तें पाहावें. बसलेली असूनहि फिरत नसेल तर पंखा बदलावा. संगणक सुरू होतांना सीपीयू फॅन एरर अशी सूचना येत असेल तर रोख बहुधा इकडेच असतो.

येथवरचीं कामें कोणासहि करतां येतील. चौथ्या गोष्टीस हात स्थिर पाहिजे. ती म्हणजे झांकण व हीटसिंक यांचा स्पर्श. त्याची परीक्षा फार मार्मिक आहे. पंखा चालतो, धूळ नाहीं, आणि तरी आंकडा ९० वर आहे. अशा वेळीं संगणक बंद करून, तार काढून, हीटसिंकच्या बुडाशीं बोट हळूच लावून पाहावें. तें चटका देत असेल तर उष्णता येथवर येत आहे, पुढें हवेंत जात नाहीं. तें कोमटच असेल तर उष्णता येथवर पोंचतच नाहीं. म्हणजे लेप वाळला आहे किंवा हीटसिंक उचललें गेलें आहे. भट्टी धगधगत असून वरचा तवा थंड असावा, असा हा प्रकार.

याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत थोरल्या काकांनीं आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताची सामग्री सहा वर्षें खपून संगणकांत उतरविली होती. कोंकणांतील मूळ गांवापासून परदेशीं गेलेल्या शाखांपर्यंत सर्वांचीं नांवें, जन्मतिथि, पत्रें व जुनीं छायाचित्रें तींत होतीं. आणि दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. घरास रंग देण्याच्या वेळीं पेटी वरच्या मजल्यावर नेली, आणि तेव्हांपासून संगणक चार-पांच मिनिटांत बंद पडूं लागला. एका दुरुस्तीच्या दुकानांत मदरबोर्ड व प्रोसेसर दोन्ही गेले, नवा संगणक घ्यावा, असें सांगण्यांत आलें. काकांची झोंप उडाली.

आम्हीं सुचविलें कीं, प्रथम डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि सर्व सामग्रीच्या दोन प्रती करून घ्याव्या. रोगी तपासण्याआधीं घरची ठेव सुरक्षित करावी. तें झाल्यावर बायॉसचा पडदा उघडून वहींत आंकडे लिहिले. आरंभीं ५८, एका मिनिटानें ७१, तिसऱ्या मिनिटास ८८, आणि नंतर अंधार. पंखा नीट फिरत होता, धूळ नव्हती, बाहेरची हवा मोकळी होती. हीटसिंकच्या बुडास बोट लावलें तों तें जेमतेम कोमट ! या जातीचें हीटसिंक चार खुंट्यांनीं मदरबोर्डावर अडकविलेलें असतें. त्यांतील एक खुंटी पेटी हलवितांना वर आली होती. घरांतील धाकट्या पुतणीनें हीटसिंक काढून जुना वाळलेला लेप पुसला, नवा लावला, आणि चारी खुंट्या बसविल्या. बायॉसमध्यें आंकडा ५२ वर स्थिरावला. अर्धा तास जड काम देऊनहि ७८ च्या वर गेला नाहीं. खर्च काय तो लेपाच्या एका नळीचा झाला.

लेपाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आहे, तो हा कीं जितका जाड तितका बरा. वस्तुस्थिति उलट आहे. उष्णता वाहून नेण्याचें सामर्थ्य ज्या मापानें मोजतात त्या मापानें हवेचा आंकडा ०.०२६, चांगल्या लेपाचा ४ ते १० आणि तांब्याचा सुमारें ४०० आहे. म्हणजे लेप हवेपेक्षां शेंकडों पट चांगला, पण तांब्यापेक्षां पुष्कळच हिणकस. दोन धातूंच्या पृष्ठभागांवर डोळ्यांस न दिसणारे खांचखळगे असतात, त्यांतील हवा हांकून देणें इतकेंच त्याचें काम. म्हणून वाटाण्याएवढा एक थेंब मध्यभागीं ठेवावा. हीटसिंकच्या दाबानें तो आपोआप पसरतो. त्यापूर्वीं जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल व सूत न सोडणारें फडकें यांनीं पुसून काढावा. हीटसिंक नवें असेल तर त्याच्या तळावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असूं शकतो, तो आठवणीनें काढावा. खुंट्या किंवा स्क्रू एकामागून एक न बसवितां समोरासमोरचे बसवीत जावे, म्हणजे दाब सारखा येतो. ए.एम्.डी.च्या एएम्४ जातीच्या यंत्रांत वाळलेल्या लेपामुळें प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटांतून उपटून येण्याचें भय असतें. तेथें संगणक कांहीं वेळ चालवून लेप नरम करावा, मग वीज तोडून हीटसिंक किंचित् डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावें.

इतकें करूनहि ताप उतरला नाहीं तर बायॉसमधील योजना पाहावी. प्रोसेसरास नेमल्याहून अधिक वेगानें पळविण्याची, किंवा त्याची विजेची मर्यादा उठविण्याची योजना तेथें केलेली असल्यास ती मूळ स्थितीस आणावी. तोंपर्यंत काम अडत असेल तर विंडोजच्या वीजविषयक योजनेंत प्रोसेसराची कमाल मर्यादा १०० ऐवजीं ९९ टक्के केली असतां त्याचें जादा वेगाचें धांवणें बहुधा थांबतें व ताप उतरतो. हा तात्पुरता उतारा आहे, औषध नव्हे.

आणखी एक सावधगिरी. बंद पडणारा प्रत्येक संगणक तापलेलाच असतो असें नाहीं. बंद पडण्याच्या क्षणापूर्वीं आंकडा ५५ किंवा ६० असेल तर प्रोसेसरास दोष देऊं नये. विजेचा पुरवठा करणारी एसएमपीएस नांवाची पेटी, किंवा घरांतील विजेचा चढउतार, यांचा संशय घ्यावा. येथें वहींतील आंकडे फार उपयोगी पडतात.

कारागिराकडे जाण्याची वेळ कोणावरहि येईल, आणि त्यांत कमीपणा नाहीं. मात्र "संगणक बंद पडतो" एवढेंच सांगून यंत्र त्याच्या स्वाधीन करणें, आणि "किती मिनिटांनीं पडतो, त्या वेळीं ताप किती, पंख्याचे फेरे किती, झांकण काढल्यावर काय फरक पडला, हीटसिंक कोमट होतें कीं चटका देत होतें," हें लिहिलेला कागद पुढें ठेवणें, यांत मोठें अंतर आहे. चांगल्या कारागिरास अशा कागदानें आनंदच होतो, कारण त्याचे श्रम वांचतात. आणि जो घाईनें "सर्व गेलें" म्हणणारा असेल त्याची घाई जागच्या जागीं थांबते. नवें यंत्र घेणें अखेर प्राप्तच झालें तर तें कारण कळून घेतलें जाईल.

हें काम घरांतील कोणा एकट्याचें मानूं नये. आजोबांनीं वही ठेवावी, सूनबाईंनीं टास्क मॅनेजर पाहावा, मुलांनीं धूळ झाडावी, आणि वर्षांतून दोन वेळां, चैत्र लागण्यापूर्वीं व दिवाळीच्या सफाईंत, पेटी उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. आणि ज्यांच्या घरीं कुलवृत्तांत, आईच्या हातच्या पाककृति किंवा वडिलांचीं पत्रें एकाच संगणकांत पडून असतील, त्यांनीं यंत्र निरोगी असतांनाच, शक्य तर आजच, त्यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून कपाटांत ठेवावी.